कोमट जेली

अकोल्यात दर सहा महिन्यांनी माझ्या लिव्हरची सोनोग्राफी होते. तिथल्या मदतनीस बाईंचं नाव मला माहीत नाही. पोटावर लावायच्या गार जेलीची बाटली त्या आधी तळव्यांत घोळून कोमट करतात, एवढं माहीत आहे.

यंदा डॉक्टर म्हणाले, "लिव्हर कडक झाल्यानं रक्त मागे तुंबतंय. प्लीहा, म्हणजे पानथरी, वाढली आहे." माझं तोंड उतरलं.

जेली पुसताना बाई म्हणाल्या, "लिव्हर थकलं का भार पानथरीवर येते, भाऊ. घरातबी तसंच असते. बाहेर वहिनीले पाहा. उपाशी यायचं तुमाले सांगतलं होतं, तिले कोनं सांगतलं?"

बायको बाकावर डबा घेऊन बसली होती. तपासणीनंतर ती माझ्याइतक्याच भुकेनं का जेवते, हे मी इतक्या वर्षांत विचारलंच नव्हतं. डबा मी उघडला आणि पहिली पोळी तिच्या हातावर ठेवली.