दगडूची वही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलासुद्धा नाही. आता लिहायला बसलोय, पण एकेक अक्षर काढायला वेळ लागतोय — का, ते पुढं येईलच.

आमचं गाव नारायणगावाजवळ. गावात वाचनालय निघालं तेव्हा मी आमची पुढची खोली दिली आणि अध्यक्ष झालो. लग्नात मंगलाष्टका म्हणायच्या, दशक्रियेला उभं राहून चार शब्द बोलायचे, तर लोक मलाच पुढं करायचे. एकदा ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नसे. नारायणगावात कुणी वक्ता आला की पहिल्या रांगेत मी, जाकीट घालून. लोक साहित्यिक म्हणायला लागले. मी नको म्हणालो का? कशाला म्हणीन?

दगडू माझ्या बरोबरीचा. बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा दलाल. टॉवेलाखाली बोटं दाबून सौदा करणारा, तोंडानं फक्त शिव्या देणारा. तो एक दिवस वही घेऊन आला. जाडजूड, पुठ्ठ्याला शेणाचा डाग. हाताखालून गेलेल्या बैलांचं लिवलंय, म्हणाला.

"मी दात बघून बैलाचं वय सांगतो, अध्यक्ष. तुमी ही बघा. साहित्य हाय का न्हाई, येवढंच सांगा."

म्हणाला हसत. पण वही लवकर सोडीना.

महिनाभर ठेवली मी. रोज उघडायचो, दार लावून — आणि मिटायचो.

मला ती वाचताच आली नाही. झालं, सांगितलं. मी तिसरीतून शाळा सोडलेली. छापलेलं असलं तर अक्षराला अक्षर लावून वाचतो. हातानं भरभर लिहिलेलं दिसलं की मुंग्या फुटल्यासारखं होतं. वाचनालयातली पुस्तकं मी पुसली, लावली, कुलपात ठेवली. पुरतं एकही वाचलेलं नाही.

दगडू हसला असता का? नसता हसला. शेजारी बसून सगळी वाचून दाखवली असती त्यानं. तूच वाच रे, एवढंच म्हणायचं होतं — ते तोंडातून निघालं नाही.

वाचनालयात चारजण बसलेले असताना मी वही परत दिली. कुठल्याशा वक्त्याचा एक शब्द डोक्यात होता, तो काढला.

"दगडू, ह्यात साहित्यमूल्य न्हाई. बैलाबिलाचं कुठं साहित्य असतं व्हय?"

लोक हसले. तोही हसला. "तुमी म्हणता म्हंजे नसंल राव," म्हणाला आणि वही टॉवेलाखाली घेऊन गेला. दात बघितल्याशिवाय त्यानं उभ्या आयुष्यात एका बैलाला नाव ठेवलं नव्हतं. मी काय बघितलं होतं?

आठ-दहा वर्षांनी दगडू गेला. दशक्रियेला मीच बोललो, लई बोललो. वहीचा शब्द काढला नाही. उठता उठता त्याची बायको पारूबाई आली, वही माझ्या हातात दिली.

"तुमी सांगितल्यापासनं पेन धरला न्हाई त्यांनी," म्हणाली. रागानं नाही, सहजच. "पर ह्यांचं लिवलेलं तुमी एकट्यानंच वाचलंय, भावजी. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

मी घेतली. जाकिटाखाली धरून घरी आणली.

आता पारूबाईही नाही. माझी नात कॉलेजात जाते. बसल्या बैठकीला वाचून दाखवील. दिली नाही तिला. दिली तर आजोबाला वाचता येत नाही हे कळेल ना. आणि चांगलं निघालं तर? आणि खरंच काही नसलं — तरी माझं खोटं कमी होतं का? मी ज्याला नाही म्हटलं ते काय होतं, हेच मला ठाऊक नाही. मरेपर्यंत नसणार.

वही ट्रंकेत आहे. मधूनमधून काढतो. सगळ्या वहीत मला एकच शब्द लागतो, पहिल्या पानावर, अगदी वर. माझं नाव.

महिनाभर ठेवली होती, तेव्हाही लागला होता.