आधी दुसऱ्याची बाजू

कांबळे गुरुजींची आणि माझी ओळख निलंग्याच्या वाचनालयात झाली. लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. सातवीतून शाळा सोडून मी रिकामा हिंडत होतो. टँकर येईपर्यंत सावलीला म्हणून आत शिरलो. गुरुजी मोठ्यानं पेपर वाचत होते. एक परका देश आपलं सैन्य नव्यानं उभारत होता. त्याला आपण तोफा विकाव्यात का, यावर वाद पेटला होता. मी मधेच बोललो, "न्हाई विकायच्या! उद्या कुणाच्या घरावर पडतील?"

गुरुजी म्हणाले, "बसा. आधी विका म्हणणाऱ्यांची बाजू सांगा, मग तुमची." तिथला तसा रिवाजच होता. मला अहो-जाहो करणारे ते पहिलेच.

पुढं मी कोइमतूरला पंपाच्या कारखान्यात लागलो. गेल्या साली तिथं अशाच एका देशाच्या तोफांचे सुटे भाग करायचं काम आलं. मालकांनी सगळ्यांना मत विचारलं. मी उठलो आणि सवयीनं आधी दुसरी बाजू मांडली: त्या देशालाही दांडगा शेजारी आहे, राखण त्यालाही लागते. "ठरलं तर!" म्हणत मालक उठलेसुद्धा. माझी बाजू तोंडातच राहिली.

ते भाग करताना जेवण गोड लागेना. सुट्टीत गुरुजींना सांगितलं. शेजारी किराणावाले शिवाप्पा बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या शिस्तीपायी पोरगं तोफा करायलंय की हो!"

गुरुजी हसले नाहीत. "राहिलेली बाजू मालकांना लिहू," म्हणाले. दोन दिवस बसून त्यांनी माझं पत्र इंग्रजीत नीट केलं. एकही मुद्दा पातळ होऊ दिला नाही.

"नोकरी जाईल, गुरुजी."

"जाऊ शकते. म्हणून पेटीत तुमच्या हातानं टाका."

टाकून आलो, तेव्हा म्हणाले, "आता माझं ऐका. मला विचाराल तर विकाव्यात. दुबळ्याच्या हाती काही नसलं की त्याला कसं तुडवतात, ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय."

मालकांनी काम सोडलं नाही. मला मात्र परत पंपाच्या मशीनवर लावलं.

गुरुजींच्या साठीला मला रजा मिळाली नाही, म्हणून हे लिहून पाठवतो. त्यांचं मला पटलेलं नाही, माझं त्यांना. दर सुट्टीत आम्ही तिथूनच सुरू करतो. गुरुजींनी ठणठणीत राहावं, शंभरी गाठावी. माझ्याजवळ अजून लई मुद्दे आहेत.