कॉम्प्युटरची चव

आमचा जुना कॉम्प्युटर मी एक पैसाही खर्च न करता नवा केला, तेव्हापासून घरात कुणी माझ्या हातात टीव्हीचा रिमोटसुद्धा देत नाही.

हे नीट कळायला आधी माझी एक सवय सांगायला हवी. चव बघितल्याशिवाय मी काहीही विकत घेत नाही. आमच्या भवानी पेठेत शेंगाचटणीच्या दुकानात गेलं, की दुकानदार तळहातावर चिमूटभर चटणी आणि कडक भाकरीचा तुकडा ठेवतो. लोक चव बघतात, पावशेर बांधून घेतात आणि जातात. मी चव बघतो, विचारात पडतो, पुन्हा चव बघतो आणि ‘जरा पुढे जाऊन येतो’ म्हणून पुढच्या दुकानात जातो. अशा वेळी माझी बायको सुशीला दहा पावलं पुढे चालते, म्हणजे आम्ही एका घरचे आहोत हे बाजाराला कळू नये.

आता कॉम्प्युटरकडे येतो. तरुणपणी मी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतो. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, हुकूम टाइप करायचा आणि यंत्राने तो मुकाट्याने पाळायचा. (एवढं माझं ऐकणारं त्यानंतर आयुष्यात काही भेटलं नाही.) जन्मतारीख टाकली की वार सांगणारा एक प्रोग्राम मी लिहिला होता आणि अख्ख्या गल्लीचे जन्मवार काढून दिले होते. मग शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो आणि दाखले, पगारपत्रकं, पुन्हा दाखले करता करता त्या यंत्राचा इतका वीट आला, की निवृत्तीच्या दिवशी मी की-बोर्डकडे बघून हात जोडले.

घरातल्या कॉम्प्युटरचंही वय झालं होतं. सकाळी बटण दाबलं, की चहा होईपर्यंत तो नुसता घरघरायचा. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, भंगारात द्या.” निवृत्त माणसाला हे वाक्य जरा जास्तच लागतं.

तेवढ्यात श्रीनिवास देवासारखा धावून आला. श्रीनिवास आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. घरी तेलुगू, वर्गात मराठी आणि चिडला की दोन्ही. तो म्हणाला, “सर, लिनक्स नावाची सिस्टीम टाका. फुकट आहे. म्हाताऱ्या मशीनला पण पळवतं की.” फुकट हा शब्द मी ऐकला आणि मशीनच्या आधी मीच पळायला लागलो.

त्याने मला एक पेन ड्राइव्ह तयार करून दिला, कॉम्प्युटर सुरू होताना आधी त्या पेन ड्राइव्हकडेच बघेल अशी सोय करून दिली आणि दोनदा बजावलं, की आधी नुसतं वापरून बघा, आवडलं तर मग इन्स्टॉल करा. पण इन्स्टॉल केलं की आतलं जुनं सगळं पुसलं जातं, तेव्हा हवं ते आधी बाहेर काढून ठेवा. मी मान डोलावली. (मान डोलावणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे ऑफिसात नोकरी केलेल्यांना सांगायला नको.)

श्रावणातल्या एका सकाळी मी बटण दाबलं. पडद्यावर दोन पर्याय आले: वापरून बघा आणि इन्स्टॉल करा. माझं बोट कुठे गेलं असेल, हे वाचकांनी ओळखलंच असेल. क्षणात एक झकपक नवा पडदा उघडला. ना घरघर, ना वाट बघणं. मी मनात म्हटलं, झालं की इन्स्टॉल! किती सोपं होतं!

त्यात एक काळी खिडकी होती. तिच्यात हुकूम टाइप केला, की यंत्र पाळत होतं, अगदी क्लासमधल्यासारखं. मी रोज सकाळी अंघोळ करून तिच्यासमोर बसू लागलो. जन्मवाराचा प्रोग्राम पुन्हा लिहिला. सुशीलाचा वार काढला तर मंगळवार आला. ती म्हणाली, “लग्नाला इतकी वर्षं झाली, आता कळला होय?” पण हसत म्हणाली. खरं सांगतो, निवृत्तीनंतर इतका आनंद मला कशानेच झाला नव्हता.

एकच गंमत व्हायची. आज लिहिलेला प्रोग्राम उद्या सकाळी गायब असायचा. पडद्यावर लावलेला सिद्धेश्वर तलावाचा फोटोही गायब. मी रोज नव्याने सगळं करायचो. यावर विचार करून मी एक सिद्धांत काढला आणि सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना ऐकवला: ही सिस्टीम विरक्त आहे, ती कशाचाही संग्रह करत नाही. मंडळींना तो फार पटला. आणि रोज सकाळी ती पुन्हा विचारायची, वापरून बघता की इन्स्टॉल करता? एकदा केलेलं पुन्हा कशाला करायचं, म्हणून मी रोज ‘वापरून बघा’ दाबायचो.

नवरात्र आलं. खंडेनवमीच्या दिवशी सकाळच्या एसटीने मंगळवेढ्याहून मालन आली. मालन ही सुशीलाची धाकटी बहीण. संध्याकाळी गल्लीतल्या बायकांचा हादगा होता, आणि त्यासाठी दोघींनी एक बेत केला होता. तो बेत मला तेव्हाच कळला.

काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहिल्या होत्या. डोळ्यावर पट्टी, करमेना, म्हणून बसल्या बसल्या त्या हादग्याची गाणी म्हणायच्या. त्यांच्या माहेरची ती जुनी, लांबलचक गाणी आता दुसऱ्या कुणाला येत नव्हती. मी माइक लावून ती याच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली होती. पुढे सासूबाई गेल्या. सुशीलाला ती गाणी ऐकवेनात, म्हणून कुणी कधी लावली नाहीत. यंदा मात्र ती मनाने तयार झाली होती.

“अहो, आईची गाणी लावा की,” ती म्हणाली. “मालनला शेवटचं गाणं शिकून घ्यायचंय.”

मी मोठ्या रुबाबात बसलो. फोल्डर उघडला, रिकामा. दुसरा उघडला, तोही रिकामा. आणि तेव्हा कुठे श्रीनिवासचं ते वाक्य, माझ्या डोलणाऱ्या मानेवरून घसरून गेलेलं, इतक्या दिवसांनी कानात शिरलं. जुनं सगळं पुसलं जातं.

मालन शेजारी पाटावर बसली होती, पदर सावरून, देवळात बसल्यासारखी.

“दाजी, सावकाश हुडका,” ती म्हणाली. “मला घाई न्हाय. आईचा आवाज इसरत चाललीया बगा मी. तोंड दिसतं डोळ्यांम्होरं, पर आवाज येत न्हाय.”

मी पंखा बंद आहे का बघितलं, चष्मा पुसला, वायरी हलवल्या. ऑफिसात साहेबांसमोर कामी आलेले सगळे डाव खेळून झाले. शेवटी सांगून टाकलं, की नवं घालण्याच्या नादात जुनं पुसलं गेलं आणि त्यात गाणीही गेली.

सुशीला भांडली असती तर बरं झालं असतं. ती सरळ उठली आणि पूजेचं ताट करायला आत गेली. मालन खाली मान घालून लुगड्याचा काठ चिमटीत धरून बसली. मला त्या क्षणी भंगारात कुणी नेलं असतं, तर मी वजनकाट्यावर आपण होऊन चढलो असतो.

आता सुशीलाचं माहेर म्हणजे पिठाची गिरणी. खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा सगळेच करतात. पण तिच्या वडिलांचा एक नेम होता. पूजा झाली की मूठभर ज्वारी टाकून गिरणी घटकाभर चालवायची. यंत्राला कुंकू लावून नुसतं झोपवायचं नाही, असं ते म्हणत. तो नेम सुशीलाने इकडेही पाळला आहे. आमच्याकडे शिलाई मशीन, मिक्सर, माझी स्कूटर, सगळ्यांची पूजा होते आणि सगळी घटकाभर घरघरतात.

तिने विळी पुसली, कात्री पुसली. मग ओला फडका घेऊन कॉम्प्युटरकडे आली. एवढं झाल्यावरही ती त्याला पुजणार होती, हे बघून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मुकाट्याने तो बंद केला. तिने त्याला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. हार नीट बसेना, कारण पेन ड्राइव्ह मध्ये येत होता. श्रावणापासून त्याला हात लावायची घरात कुणाची छाती झाली नव्हती. सुशीलाने तो सरळ उपटला, पुसला आणि ताटात कात्रीशेजारी ठेवून त्यालाही कुंकू लावलं.

“आता घटकाभर चालू करा,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “अगं, त्या पेन ड्राइव्हशिवाय...”

“पूजेत ठेवलाय. उचलायचा नाही. बटण दाबा.”

मी बटण दाबलं. घरघर सुरू झाली. ती ओळखीची, म्हातारी, चहा होईपर्यंत चालणारी घरघर! श्रावणात मेलेला आवाज हा कुठून आला, ते मला कळेना. हळूहळू पडदा उजळला आणि त्यावर आमची जुनी सिस्टीम, मुलाच्या मुंजीचा फोटो आणि कोपऱ्यात माझ्याच हाताने नाव दिलेला फोल्डर: सासूबाई.

माउस सुशीलानेच धरला. आधी खुडखुड आवाज झाला, मग कुणीतरी खोकलं, आणि मग सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, चालू हाय का त्ये? का उगंच तोंडाची वाफ दवडतीया मी?”

आणि माझा तेव्हाचा आगाऊ आवाज म्हणाला, “बिनधास्त म्हणा, आई. एकदा माझ्या हातात आलेलं काही हरवत नाही.”

मालन रडता रडता हसायला लागली. सुशीला हसता हसता रडायला लागली. मी दोन्ही करत होतो, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग गाणं सुरू झालं आणि त्या दोघी बहिणी कुंकवाच्या बोटांनी डोळे पुसत, कॉम्प्युटरसमोर पाटावर बसून आईच्या मागोमाग म्हणू लागल्या. संध्याकाळी हादग्यात मालनने ते शेवटचं गाणं न अडखळता म्हटलं आणि खिरापत कुणालाच ओळखता आली नाही.

मी मात्र त्याआधी गच्चीवर जाऊन श्रीनिवासला फोन लावला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, तुम्ही इन्स्टॉल बटण कधी दाबलं?”

मी म्हटलं, “दाबलंच नाही. वापरून बघा दाबलं आणि झालं की.”

तो आधी तेलुगूत काहीतरी बोलला. मग मराठीत समजावलं, की जुन्याला धक्काही लागलेला नाही. मी इतके दिवस पेन ड्राइव्हवरचा नमुनाच वापरत होतो, आणि नमुना बंद केला की त्यातलं सगळं जातं. म्हणजे सिस्टीम विरक्त नव्हती. मी माठ होतो. अर्थात माठ नसतो, तर त्याच दिवशी इन्स्टॉल केलं असतं आणि सासूबाई खरोखर गेल्या असत्या, हा मुद्दा मी खाली येऊन घरात मांडला. तो कुणी उचलून धरला नाही.

गाणी आता तिघांच्या फोनमध्ये आहेत आणि पुण्यालाही गेली आहेत. लिनक्स खरोखर इन्स्टॉल करायला मला घरातून परवानगी नाही. पेन ड्राइव्ह देव्हाऱ्याच्या खणात असतो. सकाळी मागून घ्यायचा, जन्मवाराचा प्रोग्राम नव्याने लिहायचा आणि परत ठेवायचा. मला त्यात काही कमी वाटत नाही.

परवा चटणीच्या दुकानात गेलो होतो. या वेळी सुशीला पुढे गेली नाही, शेजारी उभी राहिली. दुकानदाराने सवयीने चिमूटभर चटणी माझ्या तळहाताकडे नेली, तोच तिने त्याचा हात अडवला.

“यांना चव देऊ नका,” ती म्हणाली. “श्रावणात घेतलेली दसऱ्यापर्यंत पुरवतात, आणि वर जेवलो म्हणून गावभर सांगतात.”