पालघरच्या डॉक्टरीणबाई

ही साठच्या दशकातली गोष्ट. माझी पहिली मुलगी पाचवी पुजली त्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला नावसुद्धा नव्हतं. त्यानंतर मी बोलेनाशीच झाले. शिरगावात आमची नारळाची वाडी, घरात कामाला उसंत नसे. मी मात्र ओटीवर बसून राही. भगत झाला, अंगारे झाले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "चल पोरी. पालघरला बाई डॉक्टर हाय, मनाचं बघते म्हनतात."

डॉक्टरीणबाई भावाच्या घरी, पुढच्या खोलीत पेशंट बघायच्या. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि माझ्यासमोर नुसत्या बसून राहिल्या. पुढच्या खेपेलाही तेच. मग एकदा विचारलं, "तू तिला मनात काय हाक मारायचीस?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. जो तो म्हणे, होईल दुसरं. मी ते नाव सांगितलं आणि पदर तोंडात कोंबून रडले.

मग मी दर आठवड्याला जाऊ लागले. एकदा मी बोलत असताना बाईंचा डोळा लागला. मी तशीच उठून एसटीत बसले आणि पुन्हा जाईना. सासूबाईंनी ओढत नेलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "चुकलं माझं. रागव माझ्यावर." एवढ्या मोठ्या बाईने माझी माफी मागावी! त्या दिवशी मी घरादारावरचा सगळा राग ओकले. घरी येऊन पोटभर जेवले.

त्याच वर्षी श्रावणात बाई झटक्याने गेल्या. त्यांच्या भावाने दारातच सांगितलं. मी परत फिरले. सुतक तरी कुठल्या नात्याने पाळणार?

सर्वपित्रीला सासूबाईंनी घरच्या पानांशेजारी आणखी एक पान वाढलं. "हे कुणाचं?" मी विचारलं.

"तुज्या बाईंचं. खाऊ दे त्यानला पन."

नंतर ह्यांनी मला मुंबईच्या डॉक्टरांकडे नेलं. माणूस चांगला होता, गोळ्या त्याच होत्या. पण पुन्हा पहिल्यापासून सांगायला तोंड उघडेना. "बरी आहे मी," म्हणाले आणि उठले.

पुढे दोन मुलगे झाले. संसार केला, हसलेही. पण त्या मुलीविषयी पुन्हा कुणाशी बोलणं झालं नाही. आपल्याला एक बहीण होती, हे माझ्या मुलांना ठाऊक नाही.