अरुंद हँडल

सायकलला मी सहा सेंटिमीटरनं अरुंद असं नवं हँडल बसवून आणलं तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो आणि माझ्या अंगात आलं होतं. वरोऱ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणारा माणूस मी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे फळ्यावर लिहून लिहून बोटं पांढरी झालेली. हात जवळ आले की खांदे आकसतात, खांदे आकसले की हवेला अंग कमी लागतं. इतकं सरळ गणित आपल्याला आधी कसं सुचलं नाही, याचाच मला राग येत होता.

दर रविवारी पहाटे आम्ही दोघं चिमूर रोडनं निघायचो. दुसरा म्हणजे गाड्यांची सीट कव्हरं शिवणारा माझा सोबती. सहा वर्षांची सोबत. मी पुढे राहून हवा कापायची आणि त्यानं माझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर राहायचं, म्हणजे त्याला वारा लागत नाही. पण मागच्याला पुढचा रस्ताही दिसत नाही. म्हणून खड्डा, गिट्टी, काहीही आलं की पुढच्यानं त्या बाजूचा हात खाली सोडून बोटानं दाखवायचं. वाऱ्यात ओरडलेलं धड ऐकू येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त त्या हातावर.

जुन्या हँडलवरची पट्टी त्यानंच गुंडाळून दिली होती. वर सीटचं खरखरीत रेक्झिन, आत पातळ फोम. घामानं तळवे निथळले तरी हात सुटायचा नाही. नव्या हँडलला मात्र ती पट्टी मला बोजड वाटली. एवढ्या मेहनतीनं हवा चुकवायची आणि वर हे गाठोडं बांधायचं? मी नागपूरहून गुळगुळीत, कागदासारखी पातळ पट्टी आणली. त्यानं दुकानात हँडल दोन्ही मुठींत धरून पाहिलं आणि म्हणाला, "हवा कापान सर, पण धरान कायले?" मला झोंबलं. तू शिवण सांभाळ, फिजिक्स माझ्याकडे राहू दे, असं मी त्याला सुनावलं. तो हसला आणि पुन्हा मशीनवर बसला.

वेग वाढला, यात खोटं नाही. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. एक हात सोडला की ते हँडल थरथरायचं आणि उरलेला हात घामानं पट्टीवरून सरकायचा. म्हणून मी लहानसहान खड्डे दाखवणं बंद केलं. मोठे तेवढे दाखवू, असं मनाशी ठरवून टाकलं. त्याला विचारलं मात्र नाही.

मोहाचे दिवस होते. वाटेत एक मोठा मोह अगदी रस्त्यावर झुकलेला आहे, त्याची निम्मी फुलं डांबरावरच गळतात. तिथे एक बाई उजाडायच्या आत टोपली घेऊन येते आणि ट्रकांनी फुलं चिरडू नयेत म्हणून रस्त्याच्या डाव्या अंगाला दगडांची ओळ मांडते. आमच्याकडे मोहाच्या दिवसांत अशा ओळी जागोजागी दिसतात. इतकी वर्षं ते दगड आले की मी डावा हात खाली करत आलो होतो.

त्या रविवारी तिथला उतार मी पुरता वाकून घेतला. दगड दिसले. डावी बोटं सैल केली, तसं हँडल हललं. मी बोटं पुन्हा आवळली, उजवीकडे सरकलो आणि पुढे निघून गेलो. मागे धातू घासल्याचा आवाज आला.

तो डांबरावर बसला होता, उजवं मनगट डाव्या हातात घेऊन. मनगट नको त्या बाजूला वळलेलं. आणि मी पहिलं काय केलं, तर त्या बाईवर ओरडलो. रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का, असं विचारलं तिला. हे लिहितानाही लाज वाटते. ती टोपली कडेवर घेऊन माझ्याकडे बघत राहिली. "दर खेपेले हात दाखवता तुमी," ती म्हणाली. "आज काऊन नाई दाखवला?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. तेवढ्यात तोच खालून म्हणाला की त्याचंच लक्ष नव्हतं. ते वाक्य मी झेललं. दवाखान्यात, त्याच्या बायकोसमोर, स्टाफरूममध्ये, सगळीकडे तेच सांगत सुटलो. दगड होते आणि त्याचं लक्ष नव्हतं.

मनगटात प्लेट बसली. हाड जुळेल, पण अंगठ्यात पहिल्यासारखा जोर येईल असं डॉक्टरांनी काही सांगितलं नाही. रेक्झिनच्या दोन थरांतून दाभण रेटायचा तर अंगठाच लागतो.

पुढच्या महिन्यात एका रविवारी मी एकटाच त्या मोहापर्यंत गेलो. दगड नव्हते. बाईनं ते मांडणंच सोडलं होतं. डांबरावर फुलांचा काळा चिखल झाला होता आणि ती खाली मातीवर पडलेली तेवढीच वेचत होती. मी उभा होतो, तिनं मान वर केली नाही. मला तिथे थांबवेना. तसाच परत फिरून थेट त्याच्या घरी गेलो.

तो सतरंजीवर बसून दाभण धरायचा सराव करत होता. मी त्याला सगळं सांगितलं. थरथरणारं हँडल, न दाखवलेले खड्डे, आवळलेली बोटं.

"मले माहीत हाये, सर," तो म्हणाला.

मग माझी बाजू का घेतलीस, असं मी विचारलं.

"मी रस्ता कधी पाहतच नाई," तो म्हणाला. "सहा वर्सं झाले, तुमचा हातच पाहून राह्यलो. त्या दिवशी बी तोच पाहत होतो. बोटं सुटली, अन् तुमी पुन्हा हँडल आवळलं."

दाभण त्याच्या अंगठ्यातून निसटून सतरंजीवर पडला. मी उचलायला वाकलो, पण त्यानं तो डाव्या हातानं आधीच उचलला होता.