औषधापुरती

नॉटिंगहॅमला मी काकांकडे राहून शिकत होते. अमेरिकेत दारूबंदी कशी आली आणि कशी उठली, यावर निबंध लिहायचा होता. बंदी असताना तिथले डॉक्टर औषध म्हणून व्हिस्की लिहून द्यायचे, असं मी जेवताना सांगितलं.

"शहाणी माणसं," काका हसले. ते स्वतः डॉक्टर. मोठ्या दुखण्यानंतर त्यांनी काकूसमोर दारू सोडायची शपथ घेतली होती.

जेवणानंतर मी त्यांचा काढ्याचा कप उचलला. त्याला व्हिस्कीचा उग्र वास येत होता.

"कसला वास येतोय गं?" काकूने विचारलं. काका दारात उभे होते.

"आल्याचा," मी म्हणाले.

काकूचा चेहरा निवळला. काकांनी मला डोळा मारला. त्या डोळा मारण्याची आणि माझी स्वतःची मला अजून शिसारी येते.