नळाला येणाऱ्या मुंग्या

तिला सगळे मेनमावशी म्हणायचे. कुठल्याही घरी कामाला गेली की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी ती विचारायची, "मेन स्विच कुठाय?"

वीस वर्षं तिनं कारखान्यात विजेच्या मोटारींच्या कॉइली भरल्या. कारखाना बंद पडल्यावर चाळिशीत वायरमनची परीक्षा दिली. वर्गात ती एकटीच बाई. सुरुवातीच्या दिवसांत एका दुकानदाराच्या भिडेखातर तिनं फ्यूजमध्ये जाड तार घातली होती. आठवड्यात बोर्ड पेटला आणि विझवताना दुकानदाराचा हात कोपरापर्यंत भाजला. त्यानं तिला दोष दिला नाही, पण तिच्या मनाला ते कायमचं लागलं. त्यानंतर तिनं भीड म्हणून कुणाची ठेवली नाही.

एका जुन्या इमारतीत निवृत्त टायपिस्टकाकांकडे ती गेली ती किरकोळ तक्रारीसाठी. स्वयंपाकघरातला बोर्ड गुणगुणत होता. मेन बंद करून तिनं बोर्ड उघडला. लाकडी पट्टीवरून आलेल्या जुन्या वायरींचं रबर बोट लावताच शिळ्या बिस्किटासारखं गळून पडलं. फ्यूजमध्ये बोटाएवढी नाही, पण बऱ्यापैकी जाड तांब्याची तार होती.

"मीच घातली," काका ऐटीत म्हणाले. "तेव्हापासून फ्यूज उडायचाच थांबला."

"म्हणजे राखणदारालाच झोपवलंत की, काका."

"चाळीस वर्षं काही झालं नाही. तुम्ही स्विच बदला आणि मोकळ्या व्हा."

तेवढ्यात काकू दारातून हळूच म्हणाल्या, "ताई, दोन महिने झाले, नळाला हात लावला की मुंग्या येतात हो. हे म्हणतात, वयाचं आहे."

मावशीनं सगळ्यांना लांब उभं केलं, क्षणभर मेन आणि गीझर चालू केला आणि नळाला टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. तिनं मेन खाली ओढला.

कारण शोधायला वेळ लागला नाही. घराची अर्थिंगची तार लोखंडी पाइपाला बांधलेली होती, आणि प्लंबरनं दोन महिन्यांपूर्वी खालचा पाइप बदलून प्लास्टिकचा बसवला होता.

"गीझरमधून गळणारा करंट जमिनीत जायचा, ती वाटच बंद झाली," मावशी म्हणाली. "आता त्याला काकूंच्या हातातून जायचंय." तिनं मेनचे फ्यूज काढून पिशवीत टाकले.

"माझ्याच घरात मला अंधारात ठेवणार?" काका कडाडले.

"अंधारात माणूस ठेचकाळतो, काका. मरत नाही."

"दुसरा वायरमन आणतो!"

काकूंनी खुर्ची ओढली आणि मेन स्विचखाली ठाण मांडलं. "आणा. पण आधी मला उठवा. दोन महिने माझं दुखणं म्हातारपणावर ढकललंत. आता या ताई सांगतील तसंच होणार."

काका मेणबत्ती शोधायला गेले.

सहा दिवस काम चाललं. जुनी वायर मुळासकट निघाली, अंगणात अर्थिंगचा खड्डा खणला गेला आणि करंट गळताच वीज तोडणारा ब्रेकर बसला. पाचव्या दिवशी तोच ब्रेकर सारखा पडू लागला.

"बघा! पूर्वी असं होत नव्हतं," काकांना बळ आलं.

मावशी चिडली नाही. एकेक खोली वेगळी करत ती दोन तासांनी झोपायच्या खोलीपाशी अडली. भिंतीवर तसबीर होती, आणि ती टांगायला त्याच सकाळी ठोकलेला खिळा भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपातून थेट वायरीत घुसला होता. ठोकणारा कोण ते विचारायची गरज पडली नाही. मेन बंद आहे ना हे दोनदा विचारून काकांनी स्वतःच खिळा उपटला. "चुकलं माझं," ते म्हणाले. काकूंनी हे वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

वायरीचा तो तुकडा बदलून काम संपल्यावर मावशी इमारतीतल्या तशाच जुन्या वायरिंगच्या बाकीच्या घरीही गेली. वर्षभरात सात घरांनी वायरिंग बदललं. एका घराचा मात्र अजून नकारच आहे. तिथे ती दर महिन्याला बेल वाजवते, आणि दार उघडलं की विचारते, "मेन स्विच बघू का?"